पवित्र शास्त्राच्या समासांतील खुणा



आपल्या बहुतेक ख्रिस्ती घरांत पवित्र शास्त्राची एक तरी प्रत असते. कोणास ती लग्नाच्या दिवशीं मिळालेली असते, तर कोणास दृढीकरणाच्या वेळीं धर्मपित्यानें दिलेली असते. स्वच्छ वस्त्रांत गुंडाळून ती अल्तारीवर क्रूसाजवळ ठेवतात. सणाच्या दिवशीं खालीं काढतात, तिचें चुंबन घेतात, एखादा उतारा वाचतात आणि पुन्हां जागच्या जागीं ठेवून देतात. घरांतील एखाद्या मुलानें तिच्या पानावर पेन्सिलीची रेघ ओढली तर आजीबाई त्याच्यावर रागावल्याशिवाय राहत नाहींत. हा आदर खरा आहे, आणि तो आपणांस वाडवडिलांकडून मिळालेला आहे. त्याची थट्टा करण्याचा प्रस्तुत लेखकाचा मुळींच हेतु नाहीं. परंतु पुष्कळ वर्षें जपलेली अशी प्रत उघडून पाहिली असतां तिचीं पानें अजून एकमेकांस चिकटलेलीं आढळतात, तेव्हां मनांत एक प्रश्न उभा राहतो. देवाचें वचन वाचतांना हातांत पेन्सिल धरणें, एखाद्या ओळीखालीं रेघ ओढणें, समासांत दोन शब्द लिहून ठेवणें, हा त्या ग्रंथाचा अपमान आहे काय?

या प्रश्नाचें उत्तर आपल्या पवित्र ख्रिस्तसभेच्या इतिहासानें फार पूर्वींच दिलेलें आहे. आपल्या पॅरिशच्या ज्युबिलीच्या या आनंदाच्या प्रसंगीं तो इतिहास थोडक्यांत वाचकांपुढें मांडावा, असें योजिलें आहे.

प्रारंभ एका बागेपासून करूं. इ. स. ३८६ च्या उन्हाळ्यांत मिलान शहरांतील एका घराच्या बागेंत एकतीस वर्षांचा एक विद्वान शिक्षक अंजिराच्या झाडाखालीं रडत पडला होता. जुन्या पापांची संवय सुटत नाहीं आणि देवाची ओढहि टळत नाहीं, अशी त्याच्या मनाची ओढाताण चालली होती. इतक्यांत शेजारच्या घराकडून, ग्रंथ उचलून वाचावयास सांगणारा एका लहान मुलाचा आवाज त्याच्या कानीं पडला. तो उठला आणि आपला मित्र आलीपियस जेथें बसला होता तेथें परत आला. तेथें संत पौलाच्या पत्रांचा ग्रंथ ठेवलेला होता. तो उघडून दृष्टीस पडला तो पहिलाच उतारा त्यानें वाचला. रोमकरांस पाठविलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायाचा तो शेवट होता. त्याच्या मनांतील अंधार त्या क्षणीं नाहींसा झाला. हाच पुढें संत ऑगस्टीन झाला, हें वाचकांनीं ओळखलेंच असेल.

ही कथा आपण प्रवचनांतून अनेकदां ऐकली आहे. परंतु तिच्यांतील एक बारीक गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं. ग्रंथ मिटण्यापूर्वीं ऑगस्टीननें त्या जागीं आपलें बोट किंवा दुसरी कांहीं खूण घातली. खूण नक्की कशाची होती, हें आत्मचरित्र लिहितांना त्या थोर संतास आठवलें नाहीं. पण खूण घातली होती एवढें मात्र पक्कें आठवलें. आलीपियसनें ती जागा पाहावयास मागितली, आणि त्याच्या पुढचेंच वचन वाचून तें त्यानें स्वतःस लावून घेतलें. विश्वासांत दुर्बळ असलेल्याचा स्वीकार करावा, अशा अर्थाचें तें वचन होतें. एका खुणेच्या आधारानें दोन मित्र एकाच दिवशीं प्रभूकडे वळले. पवित्र शास्त्रांतील खुणेचें काम काय, हें याहून चांगल्या रीतीनें कोण सांगणार? ‘हें मला सांगितलें गेलें,’ अशी वाचकानें दिलेली ती कबुली असते.

आतां विद्वानांच्या खुणांकडे वळूं. ऑगस्टीनच्या पूर्वीं सुमारें दीडशें वर्षें, पॅलेस्टाईनमधील कैसरिया येथें ओरिजेन नांवाच्या महापंडितानें जुन्या कराराचे हिब्रू व ग्रीक पाठ सहा स्तंभांत शेजारीं शेजारीं मांडून एक प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. ग्रीक भाषांतरांत जें नव्हतें पण हिब्रूंत होतें, तेथें त्यानें ताऱ्यासारखी खूण केली. आणि जें ग्रीकांत होतें पण हिब्रूंत नव्हतें, तेथें आडव्या रेघेची खूण केली. त्यानें ग्रीक पाठांतील एकहि शब्द खोडून टाकला नाहीं. शंका होती तेथें केवळ खूण केली. पुढें त्याच कैसरियाचे बिशप युसेबियस यांनीं चारहि शुभवर्तमानांचे लहान लहान भाग पाडून समासांत त्यांचे अंक घातले. मत्तयाचे ३५५, मार्काचे २३३, लूकाचे ३४२ आणि योहानाचे २३२, मिळून ११६२ भाग झाले. त्यांच्या जोडीला त्यांनीं दहा कोष्टकें तयार केलीं. एका शुभवर्तमानांत वाचलेला प्रसंग दुसऱ्या शुभवर्तमानांत कोठें आहे, तें त्यांवरून सांपडूं लागलें. आज आपल्या बायबलच्या समासांत किंवा तळटिपेंत इतर वचनांचे जे निर्देश छापलेले असतात, त्यांचें हें मूळ होय.

संत जेरोम यांनीं या दोन्ही रीती उचलल्या. पोप डमासस यांच्यासाठीं ३८४ च्या सुमारास शुभवर्तमानांचा लॅटिन पाठ शुद्ध करतांना त्यांनीं युसेबियसचीं कोष्टकें त्यांत घातलीं, आणि बेथलेहेम येथें स्तोत्रसंहितेचें शोधन करतांना ओरिजेनच्या खुणा वापरल्या. परंतु त्याच जेरोमना या कामांतील धोकाहि अनुभवास आला. सुनिया व फ्रेतेला या दोघां गॉथ लोकांनीं स्तोत्रांतील कांहीं पाठभेदांविषयीं त्यांना विचारलें होतें. त्यांना लिहिलेल्या पत्रांत जेरोम तक्रार करतात कीं, वाचकाच्या माहितीसाठीं त्यांनीं समासांत लिहून ठेवलेली एक टीप कोणा अविचारी लेखकानें मूळ स्तोत्रांतच घुसडून दिली. टीप लिहिण्यास त्यांची हरकत नव्हती. ती टीप तर त्यांनींच लिहिली होती. हरकत होती ती टीप व मूळ यांमधील अंतर पुसून टाकण्यास. मराठी वाचकास हें समजावयास कठीण जाऊं नये. १५८४ सालीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केल्यावर संत एकनाथांनीं, तींत आपली ओवी मिसळणाऱ्यास अमृताच्या ताटांत नरोटी ठेवणारा म्हटलें, तें याच चिंतेनें.

समासांत मोकळेपणानें लिहावें, परंतु मूळ वचनास हात लावूं नये. हा नियम त्या काळापासून चालत आला आहे, आणि पुढील सर्व इतिहास जणूं या नियमाचेंच विवरण आहे.

सहाव्या शतकांत कॅसिओडोरस नांवाच्या गृहस्थानें गॉथ राजांच्या दरबारांतील मोठ्या अधिकाराच्या जागा भोगल्यावर दक्षिण इटलींत आपल्या जमिनीवर विव्हारियम नांवाचा मठ स्थापन केला. त्याच्या स्तोत्रांवरील भाष्यांत समासांतील खुणांची एक ठराविक पद्धत आहे. श्रद्धेचें तत्त्व आलें तेथें एक खूण, व्याख्या आली तेथें दुसरी, अलंकार आला तेथें तिसरी, शब्दाची व्युत्पत्ति आली तेथें चौथी, अशी ती योजना होती. आज शाळेंतील मुलगा रंगीत पेन्सिलींनीं पुस्तकांत खुणा करतो, तेव्हां चौदाशें वर्षांपूर्वींच्या या मठाची रीतच तो नकळत पाळीत असतो.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यालगत लिंडिसफार्न नांवाचें एक बेट आहे. तेथील मठांत इ. स. ७०० च्या सुमारास चार शुभवर्तमानांचें एक अत्यंत सुंदर हस्तलिखित तयार झालें. बिशप एडफ्रिथ यांनीं तें लिहिलें असें परंपरा सांगते. सोन्याचांदीनें मढविलेल्या त्या ग्रंथास स्पर्श करावयासहि कोणी धजावलें नसतें. परंतु सुमारें अडीचशें वर्षांनंतर, दहाव्या शतकांत, ऑल्ड्रेड नांवाच्या एका धर्मगुरूनें त्याच्या लॅटिन ओळींच्या मधल्या जागेंत प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर आपल्या लोकांच्या बोलींतील शब्द बारीक अक्षरांत लिहिला. शुभवर्तमानांचें इंग्रजी भाषेंतील आज उपलब्ध असलेलें सर्वांत जुनें भाषांतर तें हेंच. शेवटीं त्यानें आपणांस अपात्र व अत्यंत दीन धर्मगुरु म्हणवून घेऊन सांगितलें आहे कीं, मत्तय देवासाठीं व संत कथबर्टसाठीं, मार्क बिशपांसाठीं, लूक मठांतील बंधूंसाठीं, आणि योहान आपल्या स्वतःच्या आत्म्यासाठीं. तें हस्तलिखित आज लंडन येथील ब्रिटिश लायब्ररींत आहे. आणि ऑल्ड्रेडच्या लिखाणानें ग्रंथ बिघडला, असें कोणीहि विद्वान म्हणत नाहीं. उलट त्याच्या त्या बारीक अक्षरांमुळें त्या ग्रंथाचें मोल वाढलेंच आहे.

बाराव्या शतकांत फ्रान्समधील लाँ शहराच्या कॅथीड्रलच्या शाळेंत अँसेल्म नांवाचे गुरु (मृत्यु १११७) व त्यांचे सहकारी यांनीं पूर्वाचार्यांच्या टीकांचें संकलन आरंभिलें. त्यांतून जो टीकासंग्रह वाढत गेला त्यास पुढें ‘सर्वमान्य टीका’ अशा अर्थाचें लॅटिन नांव पडलें. त्याचें पान पाहण्यासारखें असतें. मधोमध ठळक अक्षरांत पवित्र शास्त्राचें मूळ. ओळींच्या मध्यें शब्दाशब्दाचा अर्थ. आणि चोहोंबाजूंच्या समासांत ऑगस्टीन, जेरोम, अँब्रोज, ग्रेगरी, बीड यांचे विचार. जणूं एका मोठ्या घराच्या अंगणांत यजमान मधें बसला आहे आणि सभोंवतीं जुनीं वडीलधारीं माणसें बसून त्याच्या एकेका शब्दावर बोलत आहेत. एकट्यानें शास्त्र वाचणाऱ्याला त्या पानावर सोबत मिळाली. १४८० च्या सुमारास श्ट्रासबुर्ग येथें हा सर्व पसारा छापला गेला, तेव्हां ती गुंतागुंतीची मांडणी मुद्रकांनीं कसोशीनें तशीच ठेवली.

याच काळाच्या आसपास शास्त्रांतील जागा सांपडावी म्हणून आणखीहि सोयी झाल्या. आज आपण वापरतों ते अध्याय पाडण्याचें श्रेय पॅरिस येथें शिकविणारे व पुढें कँटरबरीचे आर्चबिशप झालेले स्टीफन लँग्टन (मृत्यु १२२८) यांस देतात. पॅरिस येथील डोमिनिकन संन्याशांनीं सेंट शेरचे ह्यू यांच्या देखरेखीखालीं शब्दसूची तयार केली, आणि प्रत्येक अध्यायाचे सात भाग कल्पून त्यांस अक्षरांच्या खुणा दिल्या. १५२८ सालीं डोमिनिकन पंडित पाग्निनी यांनीं लिओन येथें छापलेल्या लॅटिन बायबलांत वचनांस अंक घातले. आणि नव्या करारांतील वचनांचे आज सर्वत्र चालणारे अंक रॉबेर एस्तिएन या मुद्रकानें १५५१ सालीं घातले. हा मुद्रक कॅथॉलिक राहिला नव्हता. तरीहि त्याचे अंक आपण सर्वजण वापरतों. ‘योहान, अध्याय तीन, वचन सोळा’ असें आपण म्हणतों तेव्हां या सर्वांच्या समासांतील कष्टांचा लाभ घेतों.

सोळाव्या शतकांत मात्र समासांत वादळ शिरलें. छापखान्यामुळें कोणीहि कसलीहि टीप छापूं लागला. १५६० च्या जिनीव्हा येथील इंग्रजी बायबलच्या समासांत राजांच्या आज्ञेविषयीं व पोपांविषयीं तिखट टिपा होत्या. १५८२ सालीं ऱ्हेम्स येथें परागंदा इंग्रज कॅथॉलिकांनीं छापलेल्या नव्या करारांत त्यांस तितक्याच तिखट टिपांनीं उत्तर होतें. अखेर इंग्लंडच्या राजा जेम्सनें आपल्या भाषांतरकारांस बजावलें कीं, हिब्रू व ग्रीक शब्दांच्या स्पष्टीकरणाखेरीज समासांत कांहीं लिहूं नका. राजेलोकांना समासाचें भय वाटूं लागलें होतें, हें यावरून दिसतें.

आपल्या ख्रिस्तसभेनेंहि या काळांत कडक धोरण स्वीकारलें. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें ८ एप्रिल १५४६ रोजीं, धर्मविषयक पुस्तकें व टिपा लेखकाच्या नांवाशिवाय व संमतीशिवाय छापण्यास मनाई केली. आणि १५६४ च्या नियमांनीं देशभाषांतील बायबल वाचण्यास बिशपांची परवानगी लागूं लागली. यामुळें अनेक पिढ्यांतील साध्या भाविकांचा हात ग्रंथापासून दूर राहिला, हें प्रामाणिकपणें मान्य केलें पाहिजे. आपल्या आजीबाईंच्या भीतीचें एक मूळ येथेंहि असावें. परंतु १७५७ सालीं, पोप चौदावे बेनेडिक्ट यांच्या काळांत, ही बंदी पुष्कळ सैल झाली. देशभाषेंतील बायबल परमपीठानें मान्य केलेलें असावें, किंवा त्यांत पवित्र पूर्वाचार्यांच्या वा विद्वान कॅथॉलिक लेखकांच्या टिपा असाव्या, एवढीच अट राहिली. म्हणजे ख्रिस्तसभेनें समास कोरा ठेवण्यास कधींच सांगितलें नाहीं. वाचक तेथें एकटा पडूं नये, ही तिची काळजी होती.

आतां आपल्या भाषेकडे पाहूं. इंग्लंडांत जन्मलेले जेझुइट धर्मगुरु फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यांत आले आणि १६१९ सालीं तेथेंच वारले. १६१६ मध्यें रायतूर येथें छापलेलें त्यांचें ख्रिस्तपुराण सुमारें अकरा हजार ओव्यांचें आहे. त्यांत केवळ कथा नाहीं. ऐकणारा मधेंच शंका विचारतो आणि गुरु तिचें निरसन करतो. श्रोत्याच्या मनांतील प्रश्नास, म्हणजे त्याच्या मनाच्या समासांतील टिपेस, स्टीफन्सनीं ओवींतच जागा करून दिली. या ग्रंथाच्या १६४९ व १६५४ मध्येंहि आवृत्त्या निघाल्या. पण या तिन्ही आवृत्त्यांची एकहि छापील प्रत आज ज्ञात नाहीं. ग्रंथ वांचला तो हातानें उतरून घेतलेल्या प्रतींमुळें, आणि त्यांच्या आधारेंच १९०७ सालीं मंगळूर येथें तो पुन्हां छापतां आला. ज्यांनीं तो उतरून घेतला त्यांतील बहुतेकांचीं नांवेंहि आपणांस ठाऊक नाहींत. त्यांनीं लेखणी हातीं धरली नसती तर मराठी ख्रिस्ती साहित्याचें हें रत्न कायमचें हरपलें असतें.

हातानें उतरून घेण्याचें फळ किती मोठें असतें, याचें दुसरें उदाहरण लिझ्यू येथील छोट्या संत तेरेजेचें आहे. तिच्या काळीं मठांतील तरुण भगिनीच्या हातीं संपूर्ण जुना करार सहसा नसे. १८९४ च्या सप्टेंबरांत तिची बहीण सेलीन त्याच मठांत दाखल झाली, आणि येतांना तिनें जुन्या करारांतील निवडक उतारे लिहून घेतलेली एक वही आणली. पवित्रतेचा उंच जिना आपल्यासारख्या लहानग्या जीवाला चढवत नाहीं, या विचारांत तेरेजा होती. त्या वहींत तिला नीतिसूत्रांच्या नवव्या अध्यायांतील व यशयाच्या सहासष्टाव्या अध्यायांतील वचनें सांपडलीं, आणि आईनें मुलास उचलून घ्यावें तसा प्रभु आपणांस उचलून घेईल, हा तिचा ‘लहान मार्ग’ तिला गवसला. १८९७ सालीं ती चोविसाव्या वर्षीं वारली. १९२५ सालीं ती संत व १९९७ सालीं ख्रिस्तसभेची आचार्य ठरली. एका बहिणीनें वहींत उतरून घेतलेल्या कांहीं ओळींपासून हें सर्व उगवलें.

अलीकडचा इतिहास आपल्या परिचयाचा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १८ नोव्हेंबर १९६५ रोजीं प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजांत सर्व भाविकांस शास्त्राचें वारंवार वाचन करण्याचा आग्रह केला, आणि भाषांतरांस आवश्यक व पुरेशा टिपा असाव्यात असें सांगितलें. १९८३ च्या धर्मसंहितेच्या ८२५ व्या कलमांतहि हेंच आहे. मराठींत दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं ‘सुबोध बायबल’ वाचकांपुढें ठेवलें. हेच फादर २०२० च्या उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. आणि ३० सप्टेंबर २०१९ रोजीं, म्हणजे संत जेरोमच्याच सणाच्या दिवशीं, पोप फ्रान्सिस यांनीं दरवर्षीं एक रविवार देवाच्या वचनास अर्पण केला. पूर्वीं परवानगी नाहीं अशी सबब होती; आतां तीहि उरली नाहीं.

प्रस्तुत लेखकाच्या आजोळीं शुभवर्तमानाची एक लहान, कोपरे झिजलेली प्रत आहे. ती आजोबांची. ते फारसे बोलत नसत, आणि त्यांनीं मागें एखादें पत्रहि ठेवलें नाहीं. त्या पुस्तकांत मत्तयाच्या अकराव्या अध्यायांत, भाराक्रांत लोकांस प्रभु आपणाकडे बोलावतो त्या वचनाशेजारीं, पेन्सिलीनें काढलेला एक छोटा क्रूस आहे आणि त्याखालीं एक तारीख. ती कशाची, हें घरांत कोणास ठाऊक नव्हतें. पुढें पॅरिशच्या मृत्यूच्या नोंदवहींत तीच तारीख सांपडली. त्या दिवशीं त्यांची तीन वर्षांची मुलगी पुरली होती. पॅरिशच्या वहींत तिचें नांव, वय आणि दफनाचा दिवस आहे. तिच्या बापानें त्या रात्रीं काय केलें, हें मात्र केवळ त्या समासांत आहे. ज्युबिलीच्या वर्षीं आपण पॅरिशच्या जुन्या वह्या मोठ्या अभिमानानें उघडतों. तशाच आपल्या घरच्या या वह्याहि उघडल्या पाहिजेत, आणि पुढच्यांसाठीं लिहिल्याहि पाहिजेत.

तेव्हां वाचकहो, अल्तारीवरील ग्रंथ तेथेंच आदरानें राहूं द्या; परंतु वाचण्यासाठीं दुसरी एक साधी प्रत घ्या. सायंकाळीं जपमाळ संपल्यावर पंधरा मिनिटें ती हातीं धरा. पेन्सिल मऊ असावी. शाई पलीकडच्या पानावर उतरते. प्रत्येक ओळीखालीं रेघ ओढूं नका, कारण जेथें सर्वच ओळी अधोरेखित असतात तेथें कोणतीच सांपडत नाहीं. जें वचन तुम्हांस थांबवील त्याच्याशेजारीं खूण करा व तारीख घाला. अर्थ न लागे तेथें प्रश्नचिन्ह घाला, खालची टीप वाचा, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर रविवारीं मिस्सा झाल्यावर आपल्या फादरांना विचारा. आपलें मत समासांतच ठेवा. त्याला वचनाची जागा देऊं नका. जेरोमनीं घालून दिलेली ही मर्यादा आहे, आणि ती पाळणाऱ्याला भिण्याचें कारण नाहीं.

पुढच्या ज्युबिलीला आपल्यांतील बरेचसे या जगांत नसतील. त्या वेळीं आपलीं नातवंडें आपल्या घरचें पवित्र शास्त्र उघडतील. पानें कोरीं व चिकटलेलीं सांपडलीं तर तीं ग्रंथ पुन्हां वस्त्रांत गुंडाळून ठेवतील. एखाद्या वचनाशेजारीं आपली फिकट झालेली खूण दिसली तर मात्र तीं तेथें थांबतील, आणि आलीपियसप्रमाणें पुढची ओळ स्वतःसाठीं वाचतील. असें घडावें, हीच प्रभु येशूचरणीं प्रार्थना.